लेकीची पहिली सहामाही



खरिपाची पेरणी आटोपून कोळपण्या सुरू झाल्या, की आपल्या घरांत दुसरी एक धांदल सुरू होते. बारावीचा निकाल लागलेला असतो, सीईटीचे गुण हाती आलेले असतात, आणि उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सातबारा अशा कागदांची पिशवी घेऊन बाप आणि मूल तालुक्याच्या सेतू केंद्राच्या पायरीवर बसलेले दिसतात. प्रवेश मिळाला की पेढे वाटले जातात. पेढे संपल्यावर जे सहा महिने येतात, त्यांबद्दल मला आज लिहायचे आहे. त्या सहा महिन्यांत पोराच्या मनात काय चाललेले असते आणि घरच्यांनी काय बोलावे, काय बोलू नये, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

माझ्याकडे जी गावे आहेत, त्यांतल्या एका गावातली मुलगी गेल्या वर्षी शेतकी कॉलेजात गेली. तिचे नाव लिहीत नाही, कॉलेजचेही नाही. घरची चार एकर जमीन, त्यातली अडीच एकर विहिरीवर भिजते. घरात आजी, आई-वडील आणि धाकटा भाऊ. दहावीच्या पुढे शिकलेली घरातली ही पहिलीच. पहिल्या सहामाहीत तिने एक वही लिहिली होती. अभ्यासाची नव्हे, रोज रात्री निजण्याआधी दोन-चार ओळी. परीक्षा संपवून ती घरी आली, तेव्हा वही माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “काका, तुम्ही पेपरात लिहिता ना? यातलं काही कामाचं असलं तर घाला. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांना बरं पडेल.” तेव्हा पुढचे सारे तिच्या परवानगीने.

आधी ही सहामाही म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. चार वर्षांची पदवी आठ सहामाह्यांत वाटलेली असते. प्रत्येक विषयापुढे २+१ असे काहीतरी लिहिलेले असते. त्याचा अर्थ, आठवड्याला दोन तास वर्गात आणि एक प्रात्यक्षिक. वर्षभर निवांत राहून मार्चमध्ये एकदा परीक्षा द्यायची, असला प्रकार तिथे नाही. विषय सुरू होऊन अंगात मुरतो न मुरतो तोच मधली परीक्षा येते. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या तर सगळे आणखी दाटीवाटीने उरकावे लागते. निकालाच्या कागदावर टक्के नसतात, दहापैकी सरासरी असते. ६.४ म्हणजे ढोबळ मानाने चौसष्ट टक्के. हे घरात आधीच माहीत असावे. नाहीतर बारावीला ऐंशीच्या वर टक्के मिळवलेल्या लेकीच्या कागदावर साडेसहाच्या आतबाहेरचा आकडा पाहून बापाला वाटते, पोरगी नापास झाली.

वहीतली पहिली पाने राहण्या-जेवण्याची आहेत. खोलीत तिघीजणी. एक विदर्भातली, कापसाच्या घरची. दुसरी शहरातली, वडील बँकेत. मेसमध्ये रोज पोळी. भाकरी आठवड्यातून एकदा, तीही वातड. पाणी जड लागते. रात्री खोलीतला दिवा कुणी केव्हा मालवायचा यावरून तिघींची तोंडे फिरलेली. घरी आजीच्या कुशीशी झोपायची सवय, म्हणून पहिले आठ दिवस झोप नाही. हे सगळ्यांचेच होते, त्यावर मी जास्त शाई घालवत नाही. मिरचीचे रोप वाफ्यातून काढून रानात लावले, की दोन-चार दिवस मान टाकतेच. आपण त्याला आंबवणीचे पाणी देतो आणि वाट पाहतो.

पण त्या खोलीत एक गंमत झाली, ती सांगण्याजोगी आहे. आमची मुलगी अवजारांबद्दल बोलताना ‘कुळव’ म्हणाली. विदर्भातली म्हणाली, कुळव म्हणजे काय गं? आमच्या मुलीने वहीत चित्र काढून दाखवले, तर ती हसली, “अगं, हा तर वखर!” आणि पुस्तकात त्याच अवजाराला ब्लेड हॅरो म्हटलेले. मग दोघींनी भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला आणि त्यावर तीन रकाने पाडले : तुझा शब्द, माझा शब्द, पुस्तकातला शब्द. विरळणी, नांगे भरणे, आळवणी, कोळपणी, मातीची भर, असे एकेक त्यात जाऊ लागले. शहरातल्या मुलीला पहिले दोन्ही रकाने कोरेच, पण तिसरा तिला तोंडपाठ. चौथ्या आठवड्यापासून तीही त्या कागदापाशी बसू लागली, कारण प्रात्यक्षिकाला शेतावर गेले की तिची पंचाईत व्हायची.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. ते दुखणे इंग्रजीचे.

आपल्या राज्यात शेतीचे शिक्षण नवे नाही. पुण्याचे शेतकी कॉलेज १९०७ सालचे आहे. पुढे राहुरीला १९६८ मध्ये, अकोल्याला १९६९ मध्ये आणि परभणी व दापोली इथे १९७२ मध्ये कृषी विद्यापीठे झाली. शेतकऱ्यांसाठी राहुरीची ‘कृषिदर्शनी’ मराठीत निघते, चर्चासत्रे मराठीत होतात, शिवारफेरीला आलेल्या माणसाशी शास्त्रज्ञ मराठीत बोलतात. मात्र पदवीचे पुस्तक इंग्रजीत, प्रश्नपत्रिका इंग्रजीत आणि उत्तरही इंग्रजीतच लिहायचे. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या आणि अकरावी-बारावी कशीबशी पाठांतरावर काढलेल्या मुलाला हे एकदम अंगावर येते. मी स्वतः यातून गेलो आहे. तेव्हा घरून आंतर्देशीय पत्र यायचे, त्यात ‘सर्व क्षेम’ असायचे. आणि मीही ‘सर्व क्षेम’ असेच उलट कळवायचो.

या मुलीच्या वहीत सहाव्या आठवड्यात एक ओळ आहे. ती वाचून मी बराच वेळ थांबलो. ‘आज सरांनी विचारले की पेरणीच्या वेळी जमिनीत ओल किती असावी. मला येत होते. मी खाली बघितले.’ बस्स, एवढेच. तिला येत होते. लहानपणापासून ती बापाबरोबर रानात जाऊन ढेकूळ मुठीत दाबून पाहत आली आहे. कमरेइतक्या उंचीवरून सोडले आणि फुटून मोकळे झाले तर वाफसा आला, चिखलाच्या गोळ्यासारखे तसेच राहिले तर दोन दिवस थांबायचे. पण ‘वाफसा’ हा शब्द त्या वर्गात उच्चारायची तिला लाज वाटली. बाकीची मुले हसतील असे तिला वाटले. घरून घेऊन आलेले सगळे ज्ञान ती ट्रंकेत कुलूप लावून ठेवल्यासारखे झाले होते. दोन महिने ती वर्गात अशी बसली, जणू तिने शेत कधी पाहिलेच नाही.

मधली परीक्षा झाली आणि मृदशास्त्रात, म्हणजे मातीच्या विषयात, तिला निम्म्याहून बरेच कमी गुण मिळाले. चार पिढ्या मातीत राबलेल्या घरची पोर मातीच्याच विषयात पडली. त्या रात्री तिने घरी फोन केला आणि म्हणाली, मला घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील माझ्याकडे आले. मला म्हणाले, “साहेब, आणू का परत? रोज रडतीय पोरगी. तिच्या आत्यानं एक स्थळ पण सुचवलंय. मुलगा सोसायटीत चिकटलाय.” बोलताना ते चपलेच्या अंगठ्याने जमीन उकरत होते. मी विचारले, “तुम्हाला काय वाटतं?” ते म्हणाले, “मला काय कळतं त्यातलं? पण पैसे गेल्याचं दुःख नाही. ती तिथं झिजतीय, ह्याचं वाटतं.”

वाचकहो, इथे जरा थांबा. अशा वेळी घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आणा परत, पोरीच्या जातीला कशाला एवढा ताप. दुसरा म्हणतो, एवढे पैसे ओतले, रडायला काय झाले, मुकाट्याने शिक. मला विचाराल तर दोन्ही बोलणी मुलाच्या कानावर घालू नयेत. पहिल्याने त्याला माघारीची वाट मोकळी दिसते आणि दुसऱ्याने तो पुढल्या वेळी फोनच करीत नाही. मुलगे तर बहुधा रडतही नाहीत. ते फोन उचलेनासे होतात, सुट्टीला यायचे टाळतात, आणि घरच्यांना वाटते, गडी अभ्यासात बुडाला आहे. रडणाऱ्या पोरीपेक्षा मला गप्प झालेल्या पोराची काळजी जास्त वाटते.

मी तिच्या वडिलांना एवढेच सांगितले, की दिवाळीला जेमतेम तीन आठवडे आहेत. दिवाळीपर्यंत निर्णय नको. आणि तोवर फोनवर गुणांचे काही विचारू नका. आज शेतावर नेले होते का, काय दाखवले, एवढेच विचारा. त्यांना ते पटले की नाही कोण जाणे, पण आजीने ते मनावर घेतले. आजी रोज रात्री फोन हातात घेऊन विचारू लागली, “आज काय पेरलं गं तुम्ही?” आणि पोरीला रोज काहीतरी सांगणे भाग पडू लागले.

याच तीन आठवड्यांत एक प्रात्यक्षिक झाले. कॉलेजच्या शेतावर माणूसभर खोल खड्डा खणलेला असतो. त्याची एक भिंत सरळ तासलेली असते आणि मुलांनी त्या भिंतीत मातीचे थर ओळखायचे असतात. सरांनी विचारले, काय दिसते? सगळी मुले वह्या चाळू लागली. आमची मुलगी खड्ड्याच्या काठावर उभी होती. तिच्या घरची विहीर खोल केली, तेव्हा ती आठवीत होती. वरून काय काय निघाले ते तिने दिवसेंदिवस पाहिले होते. तिच्या तोंडून मराठीतच निघून गेले, “वर काळी आहे, खाली पिवळट लागलीय, तिच्यात चुनखडीचे खडे आहेत, त्याच्याखाली मुरूम. अजून खाली गेलं तर मांजऱ्या लागेल.” कुणीतरी हसले. सर हसले नाहीत. ते म्हणाले, “ये खाली.” तिला खड्ड्यात उतरवले, हातात सौम्य आम्लाची बाटली दिली आणि म्हणाले, “चुनखडी आहे म्हणतेस, तर दाखव.” तिने त्या पिवळट थरावर चार थेंब टाकले. फस्‌कन फेस आला. वरच्या काळीवर टाकले, तिथे थोडाच. सरांनी मग तिने सांगितलेल्या एकेका थरासमोर पुस्तकातले नाव सांगितले. वरचा तो अमुक थर, मधला तमुक, मुरमाचा हा. वहीत त्या दिवशी पान भरून लिहिलेले आहे. शेवटची ओळ अशी : ‘म्हणजे मला येतच होते, फक्त नावे येत नव्हती.’

त्याच आठवड्यात माती बोटांनी चाळवून तिचा पोत ओळखायचे प्रात्यक्षिक होते. ओली माती अंगठा आणि बोट यांच्यामध्ये दाबत पुढे सरकवायची. लांब पट्टी निघाली तर चिकणमाती जास्त, पट्टी लगेच तुटली तर वाळू जास्त. चुलीला आणि भिंतीला कुठली माती चालते हे पारखणारी तिची आजी नेमके हेच करते. हे तिने फोनवर आजीला सांगितले. आजी म्हणाली, “मग मला पण पास करा म्हणावं.”

दिवाळीला ती घरी आली. परत जाणार की नाही हा विषय कुणी काढला नाही. पण दुसऱ्या एका विषयावरून घरात वाजले. तो विषय तुमच्या-माझ्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गव्हाच्या पेरणीची तयारी चालली होती. वडिलांचा शिरस्ता असा, की एकरी डीएपीचे एक पोते पेरताना आणि युरियाची तीन पोती दोन-तीन वेळा मिळून. पालाश कधीच नाही. कॉलेजात कृषिविद्येच्या तासाला खताची गणिते घालतात, ती तिच्या हाताखालून नुकतीच गेली होती. ती कागद घेऊन बसली. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी शिफारस आहे. एकराला येते ४८, २४ आणि १६. डीएपीत स्फुरद ४६ टक्के आणि नत्र १८ टक्के. म्हणजे चोवीस किलो स्फुरदासाठी डीएपी साधारण ५२ किलो लागले, आणि त्यातूनच नऊ किलोंवर नत्रही आले. राहिले एकोणचाळीस किलोंच्या आत नत्र. युरियात नत्र ४६ टक्के, तेव्हा युरिया हवा ८४ किलो. युरियाचे पोते आता ४५ किलोंचे असते, म्हणजे दोन पोती पुरी नाहीत. पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश सत्तावीस किलो. आणि वडील घालतात ते युरियाचे १३५ किलो, डीएपीचे नत्र धरून एकरी एकाहत्तर किलो. गरजेच्या जवळजवळ दीडपट.

गणित बरोबर होते. पण ते तिने कसे सांगितले? चहा पिता पिता, चुलत्यांसमोर, “आबा, तुम्ही दर वर्षी एक पोतं फुकट घालवताय.” झाले! आबांनी कप खाली ठेवला. “सहा महिने नाही झाले कॉलेजला जाऊन, आणि मला शेती शिकवतीस? ह्याच युरियावर तुझी फी भरली.” ती उठून आत गेली. वहीत त्या दिवशीचे पान कोरे आहे.

दोघांनाही मी दोष देत नाही. पोरीला नुकतेच काहीतरी हाती लागले होते आणि ते घरी आणून दाखवायची घाई झाली होती. बापाला वाटले, वीस वर्षांचा अनुभव एका कागदाने खोटा पाडला. मुलगा असता तरी हेच झाले असते. फक्त आवाज जास्त चढले असते. आमच्या खात्याची माणसेसुद्धा नव्याने गावात जातात तेव्हा पहिली अडचण हीच येते. शिफारस कितीही बरोबर असली, तरी ती चार माणसांत सांगितली की ऐकणाऱ्याचा मान जातो. त्याच्या बांधावर एकट्याला सांगितली, तर तो निदान ऐकून घेतो.

मार्ग तिच्या आईने काढला. बाई फारशा बोलत नाहीत. त्यांनी रात्री जेवताना म्हटले, “विहिरीकडचे दहा गुंठे तिला द्या की. तिच्या मनानं टाकू द्या. नाही आलं तर दहा गुंठ्यांनी आपण काय भिकेला लागत नाही.” आबा काही बोलले नाहीत. आपल्याकडे याला होकार समजतात.

दहा गुंठ्यांना तिने खत वजनकाट्यावर मोजून काढले. डीएपी तेरा किलो, पोटॅश सात किलो आणि युरिया एकवीस किलो. युरियातले आठ किलो पेरताना आणि राहिलेले तेरा किलो एकविसाव्या दिवशी, पाण्याच्या पाळीला. मातीचा अहवाल हाती नव्हता म्हणून तिने सर्वसाधारण शिफारस धरली. खरे म्हणजे अहवाल पाहून कमी-जास्त करायला हवे, हेही तिने भावाला बजावले. एकविसाव्या दिवशी ती कॉलेजात होती. तेरा किलो युरिया भावाने टाकला, आणि डोळा चुकवून थोडा जास्त तर टाकला नाही ना, म्हणून तिने त्याला रिकाम्या पिशवीचा फोटो पाठवायला लावला.

हो, ती परत गेली. दिवाळीनंतर कुणी तिला जा म्हटले नाही की राहा म्हटले नाही. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच पिशवी भरली. वर एक बांधलेली पुरचुंडी होती. मी विचारले तर म्हणाली, विहिरीजवळची माती आहे, सरांना दाखवायची आहे.

सहामाहीची परीक्षा जानेवारीअखेर झाली. मृदशास्त्रात ती सुटली. सगळ्या विषयांची मिळून सरासरी ६.४ आली. वर्गात ती पहिल्या विसांतही नाही. आबांनी विचारले, “दहापैकी साडेसहासुद्धा नाही?” तेव्हा मी त्यांना चौसष्ट टक्क्यांचा हिशेब समजावून दिला. ते म्हणाले, “मग बरंय.” पण चेहऱ्यावरून मला दिसत होते, की बारावीचे ऐंशी अजून त्यांच्या डोक्यातून गेलेले नाहीत. ते लवकर जाणारही नाहीत. बारावीचे गुण आणि हे गुण एकाच तागडीत तोलू नका, एवढेच मी म्हणेन. तिथे पाठांतराला भाव होता, इथे तेवढ्यावर भागत नाही.

पैशांचे थोडे सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ घरे माहितीअभावी मागे सरतात. राज्य शासनाने २०२४-२५ या वर्षापासून इतर मागास वर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांतल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय फेऱ्यांतून झालेला हवा. खाण्या-राहण्याचा खर्च यात येत नाही, हे ध्यानात ठेवा. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना वेगळी आहे. अर्ज महाडीबीटीवर भरायचा, आणि तो दर वर्षी नव्याने पुढे चालू करावा लागतो. पुष्कळ मुले दुसऱ्या वर्षी इथेच चुकतात. बँकेचे खाते मुलाच्या स्वतःच्या नावाचे आणि आधारला जोडलेले असू द्या.

आणखी एक. नव्या अभ्यासक्रमात, जो २०२४-२५ पासून लागू झाला, पहिले वर्ष आणि त्यानंतरचे ठरलेले प्रत्यक्ष काम पुरे केले, की प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. एखाद्या मुलाला हे शिक्षण खरोखरच मानवत नसेल, तर निदान वर्ष पुरे करून बाहेर पडावे. सहाव्या आठवड्यात गाठोडे बांधू नये. आणि खाजगी कॉलेजात प्रवेश घेणार असाल तर ते राज्यातल्या चारपैकी कुठल्या कृषी विद्यापीठाला जोडलेले आहे, हे पैसे भरण्याआधी विचारा. नुसता रंगीत फलक पाहून पावती फाडू नका.

वसतिगृहाबद्दल बोलताना मला नेहमी कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवण होते. १९१९ साली त्यांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींची मुले एकत्र राहतील, जेवतील असे वसतिगृह सुरू केले. मुले शेतात काम करीत आणि शिकत. त्या काळी खेड्यातले पोर घर सोडून शिकायला गेले, तर त्याच्यासाठी शाळेइतकीच वसतिगृहाची गरज आहे, हे त्या माणसाने ओळखले होते. आज इमारती मोठ्या झाल्या, पण तुमच्या मुलाच्या खोलीत कोण राहते, त्याचे त्यांच्याशी पटते का, हे विचारणारे घर किती निघते? एकदा जाऊन या. मोठे जेवण घेऊन जायला नको. भाकरी आणि ठेचा तीन पोरींना पुरेल इतका न्या. आमच्या या मुलीच्या आईने नेला, तर शहरातली मुलगी ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढीत खात होती आणि आणखी मागत होती.

आता त्या दहा गुंठ्यांचे काय झाले, ते विचारणारच तुम्ही. मार्चमध्ये गहू निघाला. आबांनी तो तुकडा वेगळा मळला आणि वेगळा मोजला, हे मला विशेष वाटले. पोत्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शेजारच्या दहा गुंठ्यांइतकाच आला, चार-पाच किलो इकडे-तिकडे. फेब्रुवारीत पाण्याची पाळी दिल्यावर रात्री वारे सुटले होते. त्यात आबांचा गहू बऱ्यापैकी लोळला, तिचा उभा राहिला. युरिया तेरा किलो कमी लागला, पालाश सात किलो जास्त. एका तुकड्यावरून आणि एका वर्षावरून मी काही सिद्ध झाले म्हणणार नाही. तिनेही वहीत तसे लिहिलेले नाही. तिने फक्त आकडे लिहिले आहेत, आणि शेजारी ‘पुढच्या वर्षी तीन ठिकाणी करून बघायचे’ असे. हे वाचून मात्र मला बरे वाटले. पहिल्या सहामाहीत एवढे कळले तर पुष्कळ झाले.

आबा काय म्हणाले? मला काहीच म्हणाले नाहीत. चुलत्यांना म्हणाले, की यंदा अर्धा एकर तिच्या पद्धतीनं करून बघू, वारं कसं सुटतं त्याच्यावर आहे सगळं.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. सोयाबीन पेरण्याआधी आईने घरच्या बियाण्याचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले होते, ते पोरीने फोनवर सांगितल्यावरून. त्यातले चौऱ्याहत्तर उगवले. सत्तरच्या वर आहे म्हणून नेहमीच्याच मापाने पेरले. आत्याच्या स्थळाचे मी विचारले, तर आजीनेच उत्तर दिले, “ते स्थळ गेलं दुसरीकडं. आमची पोर अजून सात सहामाह्या रिकामी नाही.”

तुमच्या घरातले मूल यंदा शेतकी कॉलेजात जाणार असेल आणि अर्जाबद्दल काही अडचण असेल, तर आपल्या गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला जरूर विचारा. पुढच्या आठवड्यात सोयाबीनवरच्या चक्रीभुंग्याबद्दल लिहीन. काही गावांत पानांचे देठ सुकून लोंबताना दिसू लागले आहेत. तोवर झाडाच्या देठावर दोन गोल खाचा दिसतात का, तेवढे पाहून ठेवा, आणि दिसल्या तर तो भाग खालच्या खाचेच्या खालून मोडून बांधाबाहेर नेऊन नष्ट करा.